टीव्ही आज, आवाज नंतर

मिस्त्रींच्या घरातला टीव्ही एका मंगळवारी, भर बातम्यांत गेला. आधी पडद्यावर एक हिरवी उभी रेघ उमटली, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि पाचेक मिनिटांत सगळं अंधारून गेलं. मिस्त्रींनी मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, दोन ठिकाणी बोटाने दाबून पाहिलं आणि झाकण परत लावून टाकलं. उभा जन्म त्यांनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. कोणती गोष्ट दुरुस्त होईल आणि कोणतीचा नाद सोडावा, हे त्यांच्या हाताला कळायचं.

"नवा घ्यावा लागेल," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाल तसं," काकू म्हणाल्या.

मिस्त्री त्रेसष्ट वर्षांचे, काकू अठ्ठावन्नच्या, आणि त्यांच्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. दोघांचंही हे दुसरं लग्न. मिस्त्रींची पहिली बायको नऊ वर्षं अंथरुणाला खिळून गेली. काकूंचा नवरा तर त्यांच्या ऐन तिशीत गेलेला. मिस्त्रींच्या लेकीने पुढाकार घेऊन हे जमवलं आणि जमवून झाल्यावर ती आपल्या संसारात, दुसऱ्या शहरात परत गेली. ती नव्या आईला काकू म्हणायची. शेजारीपाजारीही काकूच म्हणू लागले. खरं सांगायचं तर मिस्त्रीसुद्धा मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणत. तोंडाने मात्र "अहो". काकूही त्यांना "अहो". म्हणजे त्या घरात दोन अहो राहत होते, आणि दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने वागत की बघणाऱ्याला वाटावं, दोन पाहुणे यजमानाची वाट बघत बसलेत.

चहात साखर किती, पंखा हवा की नको, खिडकी उघडू का, कशालाही काकूंचं उत्तर एकच: तुम्ही म्हणाल तसं. सुरुवातीला मिस्त्रींना ते बरं वाटलं. मग जरा अवघड वाटायला लागलं. आणि त्याहून अवघड म्हणजे, कधी कधी काकू उत्तरच देत नसत. मिस्त्रींना भाजी चिरता चिरता बोलायची सवय होती. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून, बाहेरच्या खोलीत बसलेल्या काकूंना ते काहीबाही सांगत, विचारत. काकू आपलं शिवण घेऊन बसलेल्या असत आणि मान वर करत नसत. मिस्त्री एकदा विचारत, दुसऱ्यांदा विचारायला जीभ रेटत नसे. लेकीचा फोन आला की काकू दोन शब्द बोलून "घ्या, तुम्हीच बोला" म्हणून फोन मिस्त्रींच्या हातात देत.

"बाई फार चांगल्या आहेत," मिस्त्रींनी एकदा बाल्कनीत जाऊन लेकीला सांगितलं होतं, "पण त्यांचं मन काही रमलेलं नाही इथं. माझ्यासारख्या माणसाबरोबर रमणार तरी कसं."

"बाबा, पाच महिने झालेत. वेळ द्या जरा," लेक म्हणाली होती.

टीव्ही गेल्याचं कळल्यावर मात्र लेकीने वेळबिळ काही दिला नाही. "पंचावन्न इंचाच्या खाली बघूच नका. आणि आवाजाची सिस्टीम वेगळी घ्या. हल्लीच्या टीव्हीत नुसती चित्रं चांगली असतात, आवाज मागच्या भिंतीवर आदळून येतो. आणि काकूंना बरोबर न्या, त्यांना काय हवं ते विचारा."

विचारून काय उत्तर येणार हे मिस्त्रींना ठाऊक होतं. तरी शनिवारी सकाळी त्यांनी भिंतीपासून सोफ्यापर्यंत टेप लावला, आकडे कागदावर लिहिले, आणि दोघं निघाले.

दुकान मोठं होतं. आत शिरल्याबरोबर समोरच्या अख्ख्या भिंतीवर टीव्हीच टीव्ही. तीस तरी असतील. सगळ्यांवर एकच मालिका चाललेली, आणि आवाज सगळ्यांचा बंद. एका स्वयंपाकघरात दोन जावा तावातावाने भांडत होत्या, तीस वेळा.

मिस्त्रींना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पहिल्या बायकोच्या आजारपणात तिला आवाज सोसायचा नाही. भांडं आपटलं तरी तिच्या कपाळावर शीर उठायची. तेव्हापासून मिस्त्री टीव्ही मुका ठेवूनच बघत. नऊ वर्षांत त्यांनी कितीतरी सिनेमे एकही संवाद न ऐकता पाहिले होते आणि गोष्ट आपल्या मनाने जुळवून घेतली होती. ती गेल्यावरही आवाज वाढवायला त्यांचा हात धजला नाही. काकू आल्यावर त्यांनी भीतभीत तो सहावर नेला होता, आणि काकू त्यावर कधी काही बोलल्या नव्हत्या.

दुकानातली एक मुलगी पुढे आली. केस घट्ट बांधलेले, खिशात मोजायचा टेप. तिने कुठल्याही टीव्हीचं गुणगान सुरू केलं नाही. आधी प्रश्न विचारले. खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे? ऊन कधी येतं? तुम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसता की वेगवेगळे?

"ह्या सोफ्यावर बसतात. मी बाजूला, खुर्चीत," मिस्त्री म्हणाले.

"मग तुम्हाला कडेनेही नीट दिसायला हवा. या इकडे."

तिने मिस्त्रींना एका टीव्हीसमोरून हळूहळू बाजूला चालायला लावलं. चार पावलांवर चित्र फिकं पडलं, जावांच्या साड्यांचे रंग धुतल्यासारखे झाले. दुसऱ्या टीव्हीचे रंग कडेपर्यंत तसेच राहिले. मिस्त्रींना ही पद्धत पसंत पडली. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, कडेचे सांधे बघितले, मागच्या बाजूला हात लावून गरम किती होतो ते पाहिलं. मुलगी हसून म्हणाली, "काका, तुम्ही यंत्रातले दिसता."

"लिफ्टमधला आहे."

तेवढ्यात मागून काकूंचं हसू ऐकू आलं. मिस्त्रींनी वळून पाहिलं. काकू भिंतीसमोर एकट्या उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत हसत होत्या. पाच महिन्यांत काकूंना असं हसताना मिस्त्रींनी पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" त्यांनी जवळ जाऊन विचारलं.

"ही धाकटी म्हणते, तुमच्या हातचं खाऊन कुत्रंसुद्धा गाव सोडून गेलं," काकू डोळे पुसत म्हणाल्या, आणि त्यांनी लगेच भिंतीकडे पाठ केली.

मिस्त्रींनी पडद्याकडे पाहिलं. ना आवाज, ना खाली अक्षरं. आवाज बंद असताना काकूंना हे कळलं कसं? पण मुलगी आवाजाच्या खोलीकडे बोलवत होती आणि तो प्रश्न तिथंच राहिला.

आवाजाची खोली म्हणजे एक बैठकच होती. सोफा, सतरंजी, जाड पडदे, समोर टीव्ही, आणि चार कोपऱ्यांत माणसाच्या छातीएवढाले स्पीकर. मुलीने बटण दाबलं. पडद्यावर एक आगगाडी पुलावरून धडधडत गेली आणि सोफ्याखालची जमीन हादरली. काकूंचा चेहरा खुलला. मिस्त्रींनी मात्र कान टवकारले.

"डावीकडच्या स्पीकरमध्ये काहीतरी सैल आहे," ते म्हणाले.

"शक्यच नाही काका, परवाच लावलाय."

मिस्त्री उठले, स्पीकरच्या स्टँडला हात लावला आणि खालचा स्क्रू बोटाने फिरवून दाखवला. मुलगी ओशाळली आणि स्क्रू आवळायला स्क्रूड्रायव्हर घेऊन आली.

मग तिने एका सिनेमातला प्रसंग लावला. रस्त्यावर गाड्यांची वर्दळ, आणि त्या गडबडीत एक माणूस बायकोला काहीतरी सांगतो, आणि सांगता सांगता पाठ फिरवून चालू लागतो. "गडबडीतही बोलणं कळतं की नाही ते बघा," मुलगी म्हणाली. "काकू, तो शेवटी काय म्हणाला?"

काकूंनी मुलीकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "यांना आवडला की झालं."

लिफ्ट मधेच अडकते तेव्हा चांगला कारागीर लगेच मोटार उघडत नाही. कधी अडकते, कितव्या मजल्यावर, चढताना की उतरताना, हे तो आधी विचारतो, आणि मग एका क्षणी घोडं कुठे पेंड खातंय ते त्याला आपोआप दिसतं. मिस्त्रींना तसंच दिसलं. समोरून विचारलं की उत्तर येतं. पाठीमागून विचारलं की येत नाही. फोन नको असतो. मुका टीव्ही समजतो, आणि पडद्यावरच्या माणसाने पाठ फिरवली की नाही समजत.

ते सोफ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. काकूंच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अहो, चहा घेऊ या का?"

काकू समोरच बघत राहिल्या.

जे समोरून बोलायला मिस्त्रींना कधी जमलं नसतं ते त्यांच्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही आलात ते फार बरं झालं हो. घराला घरपण आलं."

काकूंनी मांडीवरची पिशवी सारखी केली. ऐकलं ते फक्त दुकानातल्या मुलीने. तिने पटकन मान खाली घातली, "मी दुसरी सिस्टीम जोडून आणते" असं काहीतरी पुटपुटली आणि बाहेर गेली. दार मात्र आठवणीने लावून घेतलं.

मिस्त्री सोफ्यावर काकूंच्या शेजारी येऊन बसले, अर्धे त्यांच्याकडे वळून.

"तुम्हाला ऐकू कमी येतं का?"

काकूंची नजर त्यांच्या तोंडावर खिळली. "काय?"

मिस्त्रींनी आपल्या कानाला हात लावला आणि बोट हलवलं.

काकूंचा चेहरा उतरला. दोन्ही हातांनी त्यांनी पिशवीचे बंद घट्ट धरले. चोरी पकडली गेल्यासारख्या त्या बोलल्या.

"सव्वीस वर्षं यंत्रमागांच्या कारखान्यात काढली. दोनशे माग एका छपराखाली. तिथं कुणाचे कान शाबूत राहतात? कानाशी मोठ्याने बोललं तर थोडं ऐकू येतं. बाकीचं मी ओठांवरून वाचते. आम्ही सगळ्याच बायका तसं बोलायचो, चार माग सोडून पलीकडच्या बाईशी सुद्धा. सुखदुःखाच्या सगळ्या गोष्टी तशाच झाल्या. त्यामुळे मला कुणाचंही कळतं. दुकानदाराचं, शेजारणीचं, तुमच्या लेकीचं, टीव्हीतल्या माणसांचं. फक्त तुमचं नाही कळत."

"माझं का नाही?"

"मिशा," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींचा हात आपसूक ओठांवर गेला. भरघोस, खाली वळलेल्या, वरचा ओठ सगळा झाकून टाकणाऱ्या मिशा. चाळीस वर्षांच्या.

"तुम्ही बोलता तेव्हा नुसतं झुडूप हलतं," काकू म्हणाल्या. "मग मी म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. ते कशालाही चालतं."

मिस्त्रींना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्हींचं काय करावं ते त्यांना समजेना. पुढे झुकून, ओठ शक्य तितके उघडत, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

हे काकूंना कळलं.

"सांगणार होते. बघायला आलात त्याच दिवशी. पण तुमच्या लेकीने सांगितलं, बाबांनी आईचं नऊ वर्षं केलं. मनात आलं, या माणसाने एवढं निभावलं, आता कुठे मोकळा झालाय, त्याच्या गळ्यात पुन्हा एक अधू बाई कशी घालायची? म्हटलं, लग्नानंतर हळूहळू सांगू. आणि मग जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं."

"मला वाटलं, तुमचं मन लागत नाही इथं. मी बोलतो आणि तुम्ही वर बघतही नाही."

"तुम्ही कधी बोलता?" काकूंनी खरोखरच नवलाने विचारलं. "मला तर वाटलं, तुम्ही अबोल आहात."

पाच महिने रोज संध्याकाळी, भाजी चिरता चिरता, ओट्याकडे तोंड करून मिस्त्रींनी काय काय सांगितलं होतं. शिकाऊ असताना अकराव्या मजल्यावर अडकलेली बाळंतीण. बापाशी झालेलं भांडण. पहिल्या बायकोने शेवटच्या दिवसांत काय मागितलं ते, जे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. सगळं आपलं भिंतीला आणि भोपळ्याला.

"सगळं परत सांगावं लागणार," ते म्हणाले.

"हळू सांगा," काकू म्हणाल्या.

मुलगी दार वाजवून आत आली. नवी सिस्टीमबिस्टीम काही तिच्या हातात नव्हती. ती काकूंच्या समोर, उजेडात उभी राहिली आणि स्वच्छ बोलली. "माझ्या आजोबांनाही कमी ऐकू येतं. मी सांगू का? हे मोठे डबे आज नका घेऊ. यांचा दणका भारी, पण बोलणं त्यात बुडतं. बोलणं येतं ते मधल्या स्पीकरमधून, टीव्हीच्या बरोबर खाली असतो त्यातून. तो चांगला हवा. पण त्याच्याही आधी कान तपासून घ्या. यंत्र बसलं की तुमचं ऐकणंच बदलेल, मग येऊन आवाज निवडा. टीव्ही आज घ्या, आवाज नंतर."

मिस्त्रींनी आयुष्यात अनेक विकणारे पाहिले होते; आज नका घेऊ म्हणणारी ही पहिलीच. त्यांनी कडेपर्यंत रंग टिकणारा तो टीव्ही पक्का केला. आकार कोणता, हे काकूंना विचारलं, तोंड नीट उघडून विचारलं. काकूंनी टीव्हीसमोर हात पसरून अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "माणसांची तोंडं मोठी दिसतील तो द्या."

घरी परत येताना मिस्त्रींनी काकूंना फाटकाशी सोडलं आणि "आलोच" म्हणून ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले. न्हावी वीस वर्षांच्या ओळखीचा. मिशा पूर्ण काढायच्या म्हटल्यावर त्याने वस्तरा खाली ठेवला.

"घरात काही वाईट झालंय का?"

"नाही रे बाबा. चांगलंच झालंय. काढ तू."

आरशात जो माणूस निघाला तो मिस्त्रींनाही अनोळखी होता. वरचा ओठ पांढराफटक, लहान मुलासारखा. जिना चढताना त्यांना वारा लागत होता तिथं. काकूंनी दार उघडलं, क्षणभर बघतच राहिल्या, आणि मग दाराची चौकट धरून हसत सुटल्या. मिस्त्री तसेच उंबऱ्यात उभे. वाटेत त्यांनी मनात बरंच काही जुळवलं होतं, पण ऐन वेळी त्यातलं काहीच आठवेना.

"चहा टाकू का?" त्यांनी विचारलं.

"टाका. साखर अर्धाच चमचा. पाच महिने मी तुमचा गोड चहा पितेय," काकू ताबडतोब म्हणाल्या.

सोमवारी टीव्ही आला. दोन माणसांनी तो भिंतीवर लावला. मिस्त्रींनी पाणसळ लावून पाहिली आणि एक बाजू सूतभर वर करून घेतली. पुढच्या आठवड्यात ते दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी काकूंना काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले, कागदावर घसरगुंडीसारखी एक रेघ काढली आणि म्हणाले, दहा वर्षांपूर्वीच यायला हवं होतं. महिनाभराने दोन्ही कानांत चिमुकली यंत्रं बसली.

पहिले पंधरा दिवस काकू वैतागून गेल्या. नळाचं पाणी त्यांना दगड पडल्यासारखं वाजायचं. पिशवी चुरगळली की दचकायच्या. स्वतःच्या चपलांचा आवाज त्यांना कुणी मागे लागल्यासारखा वाटायचा. "तुमच्या घरात एवढा आवाज आहे हे आधी सांगायला हवं होतं," असं त्या मिस्त्रींना म्हणाल्या. दोनदा त्यांनी यंत्रं काढून डबीत ठेवली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी आपणहून पुन्हा घातली. मिस्त्री आता ओटा सोडून भाजी बाहेरच्या खोलीत, सोफ्यासमोर बसून चिरायला लागले. बाळंतिणीची गोष्ट झाली, बापाची झाली. तिसरी गोष्ट सांगताना ते मधेच थांबले, तेव्हा काकूंनी त्यांच्या हातातली सुरी काढून बाजूला ठेवली आणि वाट बघत बसल्या.

दोन महिन्यांनी ते पुन्हा दुकानात गेले. तीच मुलगी, तीच खोली. तिने आधी एक लांबट, सडपातळ साउंडबार लावून दाखवला, मधला स्पीकर खास बोलण्यासाठी केलेला. एका म्हाताऱ्याचं कुजबुजणं त्यातून इतकं स्वच्छ आलं की मिस्त्री खूश होऊन म्हणाले, "हाच. जागा कमी, काम चोख."

"मला नाही आवडला," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी चमकून पाहिलं.

"बोलणं कळतं, पण जीव नाही त्यात. मागच्या वेळी ती आगगाडी लावली होती, जमीन हलली होती, तसं काहीतरी पाहिजे."

"अहो, त्याने भिंती हादरतील. खालचे लोक वर येतील."

"येऊ देत. चहा देऊ."

"तुम्हाला आत्ता कुठे नीट ऐकू यायला लागलंय, आणि लगेच दणका हवा?"

"सव्वीस वर्षं पायाखालची जमीन हलत होती माझ्या. त्याशिवाय मला करमत नाही. तुम्हाला नऊ वर्षं शांतता लागली, मला आता आवाज लागतो."

मुलगी मधे पडायला गेली आणि शहाणपणाने गप्प बसली. वाद चांगला वीस मिनिटं रंगला. मिस्त्रींनी लिफ्टच्या खोलीतले दाखले दिले, काकूंनी मागांचे. शेवटी ठरलं ते असं: साउंडबार मिस्त्रींच्या पसंतीचा, आणि जमिनीवर ठेवायचा दणक्याचा डबा काकूंच्या पसंतीचा, दुकानातल्या सगळ्यात मोठ्याच्या खालोखाल मोठा.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा दोघं तो डबा कुठे ठेवायचा यावर अडून बसले होते. फोन काकूंनी उचलला. "घेतला," त्या म्हणाल्या. "नाही, तुझ्या बाबांचं ऐकलं नाही. थांब, मी बोलतेय अजून, त्यांना नंतर देते." मिस्त्री तोवर डब्याला पाठ लावून, तो खिडकीखाली ढकलत होते. काकूंनी एका हाताने फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने त्यांना खूण केली, तिकडे नाही, सोफ्याजवळ. मिस्त्रींनी मान हलवली, नाही. काकूंनी फोनवरून डोळे मोठे केले. मिस्त्रींनी उसासा टाकला, डब्याच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि तो सोफ्याकडे रेटायला लागले.